वारशाच्या किल्ल्यांना गावचे गवंडी केव्हा मिळणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्या बारांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार कोकण किनाऱ्यावरचे, आणि त्यांतले दोन तर आमच्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्याकडे पेढे वाटले गेले, मोबाइलवर तटबुरुजांची छायाचित्रे फिरली, आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी आवर्जून फोन करून विचारले की आता गावात काय होणार. मला त्या वेळी काही सांगता आले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गवंडीकाम शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे त्या प्रश्नाच्या ज्या भागाबद्दल मला बोलता येते, म्हणजे या किल्ल्यांची डागडुजी कोणाच्या हातून व्हावी, तेवढाच भाग या पत्रात मांडतो.

गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यात (नाव मुद्दाम लिहीत नाही) तटाचे काम चालू असताना मी सहज पाहायला गेलो होतो. काम करणारी टोळी परगावची होती, आणि त्यात गैर काही नाही. पोटासाठी आमची माणसेही गोव्याला आणि मुंबईला जातातच. पण बुरुजाच्या पायथ्याशी सिमेंटच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि जांभ्याच्या जुन्या चिऱ्यांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या जात होत्या. डोक्यावर वाळूचे घमेले घेऊन येणारा एक मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. वर्गात त्याचा ओळंबा कधी चुकला नव्हता. मला पाहून त्याने घमेले खाली ठेवले आणि ओशाळून म्हणाला, “सर, हय आमका गवंड्याचा काम गावणा नाय, नुसती रेती व्हावची.”

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. समुद्राकाठी तो खारी हवा आणि पावसाचे पाणी पिऊन घेतो आणि उन्हाळ्यात ते बाहेर टाकतो. दरजांत चुना असेल तर ही ओल चुन्यातून निघून जाते, आणि झीज व्हायचीच असेल तर ती चुन्याची होते. चुना पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि ओल न सोडणारे असल्यामुळे ओल चिऱ्यातच अडकते, आतल्या मिठाचे खडे धरतात आणि चिऱ्याचा पापुद्रा सुटू लागतो. दोन-चार पावसाळ्यांनंतर सिमेंटची दरज जाळीसारखी पुढे उभी राहते आणि चिरा मागे खाल्लेला दिसतो. ज्याला खोटे वाटेल त्याने किनाऱ्यावरची, नंतर सिमेंट भरलेली कोणतीही जुनी जांभ्याची भिंत जवळ जाऊन पाहावी.

चुन्याचे काम अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो आणि ते पुस्तकातून येत नाही. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदतो. तो विझवून खड्ड्यात मुरू द्यावा लागतो, मग वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात दळावा लागतो, आणि जुने लोक त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालत. मळलेला चुना तयार झाला की नाही हे थापी उलटी धरल्यावर कळते: चिकटून राहिला तर चांगला, घसरला तर अजून कच्चा. भिंतीत घातल्यावरही तो हवेतला वायू घेत सावकाश आवळत जातो, म्हणून कित्येक दिवस त्यावर ओली पोती ठेवावी लागतात. गवंडी व्यवसायाचा आमचा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता आणि त्यात सगळा भर सिमेंटवर होता. इतक्या वर्षांत मी एकदाच, आणि तेही स्वतःच्या हौसेने, शाळेमागच्या आवारात मुलांकडून चुना मुरवून घेतला. परीक्षेत त्याला गुण नव्हते, तरी ती मुले अजून भेटली की त्याचीच आठवण काढतात.

किनाऱ्यावरच्या आरमाराचा इतिहास आपण बहुधा लढायांच्या अंगाने सांगतो. कारागिरांच्या अंगानेही तो सांगता येतो. कल्याण-भिवंडीच्या खाडीत १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुय लैताव व्हियेगस नावाच्या पोर्तुगिजाच्या हाताखालचे कारागीर कामाला होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावली आणि ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबले नाही, कारण शेजारी उभे राहून काम केलेले इथले सुतार आणि लोहार जागेवरच होते. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि ४८ एकरांचा तो किल्ला तीन वर्षांत उभा राहिला, तो काय केवळ हुकमाने? पायात ओतायचे शिसे वितळवणारा, चिरा घडवणारा आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून तराफे आणणारा माणूस हाताशी असल्याखेरीज असे काम होत नाही.

विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी आंग्र्यांची गोदी आहे. कातळ कोरून केलेली ही गोदी सुमारे ३५५ फूट लांब आहे. भरतीला गुराब (लढाऊ जहाज) आत घ्यायची, ओहोटीला पाणी उतरले की तिचा तळ उघडा पडायचा आणि सुतार कामाला लागायचे, अशी ही साधी आणि हुशारीची सोय होती. आज तिथे बराचसा गाळ आहे. किल्ला पाहायला येणाऱ्या दहा जणांतला एखादाच तिकडे वळतो, आणि तोही रस्ता विचारत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तोफेचा एक गोळा एका जहाजावर पडून आग लागली आणि एकमेकांना बांधलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार त्या आगीत जळून गेले. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते, ही सल मराठी माणसाच्या मनातून अजून जात नाही. मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यानंतर २७ वर्षांनी, १७८३ मध्ये, याच विजयदुर्गाच्या आनंदराव धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडून आणले. जहाजे जळाली होती, पण ती बांधणारी आणि चालवणारी घरे खाडीकाठी शाबूत होती, असे मी यावरून समजतो.

माझे वडील होडीचे सुतार होते. त्यांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, अजून माझ्या घरी आहे. त्याचा दांडा त्यांच्या पकडीने एका बाजूला झिजलेला आहे. फायबरच्या होड्या आल्यावर त्यांचे काम सुटले, आणि मी स्वतः विटा-सिमेंटाकडे वळलो, तेव्हा या तुटलेल्या साखळीत माझाही वाटा आहे हे कबूल करतो. तरीही ही विद्या अगदीच संपली असे म्हणवत नाही. भारतीय नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिन्य’ हे जहाज सेवेत दाखल करून घेतले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, काथ्याच्या दोऱ्यांनी शिवलेल्या आहेत, आणि ते केरळच्या कारागिरांनी शेजारच्या गोव्यात बांधले. नौदलाच्या ध्वजावर २०२२ पासून महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, आणि २०२३ चा नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर झाला. ज्या आरमाराचा एवढा मान राखला जातो, त्याचे सुतारकाम शिकवणारा एकही वर्ग माझ्या माहितीत आमच्या बाजूला नाही.

वाटाड्यांची गोष्टही वेगळी नाही. विजयदुर्गावर एक कट्टा दाखवून, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियमचा शोध इथेच लावला, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. वस्तुतः ते ग्रहण यान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिले, आणि लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. त्याने आपले निरीक्षण ऑक्टोबरात, ग्रहणावाचून केले. हे मी गावात बोललो तेव्हा एका जवळच्या माणसाने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. पण जागतिक वारसा म्हटल्यावर जगभरची माणसे येणार, आणि त्यांतल्या एखाद्याने आमच्या पोराला चारचौघांत खोटे पाडले तर ते अधिक लाजिरवाणे. किल्ल्याची तिहेरी तटबंदी, खाडीचे मुख आणि गोदी यांची सांगड नीट समजावून देणारा वाटाड्या असेल, तर त्याला ऐकीव गोष्टींची गरजच पडणार नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. देवगड आणि मालवण तालुक्यांत चुन्याचे बांधकाम आणि चिऱ्याची घडाई यांचा किमान सहा महिन्यांचा वर्ग सुरू व्हावा, आणि त्याचे प्रात्यक्षिक किल्ल्यांवरच्या चालू कामांवर, पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावे. बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आणि चार राज्याकडे आहेत, म्हणजे परवानगी दोघांचीही लागेल. पण शिकवण्याची यंत्रणा राज्याची आहे आणि ती आजही उभी आहे. या वर्गातून बाहेर पडलेल्या कारागिरांचा काही ठरावीक वाटा कामावर असलाच पाहिजे, अशी अट डागडुजीच्या प्रत्येक निविदेत घातली जावी. निविदेत ही अट नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवरच लटकत राहील, हे मी अनुभवाने सांगतो. होडीच्या सुतारकामासाठी वेगळी इमारत लागणार नाही. गोदीजवळ एक मांडव आणि अजून हात चालणारे दोन-तीन म्हातारे सुतार पुरेत, मात्र ते आहेत तोवरच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. आमची मुले हे काम करायला तयार आहेत का? बांधकामाचे खरे दिवस म्हणजे मार्च ते मे, आणि नेमक्या त्याच दिवसांत देवगडात हापूसचा हंगाम असतो. बागांमध्येसुद्धा माणसे पुरत नाहीत म्हणून नेपाळहून कामगार येतात. शिवाय मुलीच्या बापाला गवंडी जावई नको असतो आणि कारकून चालतो, हे आमच्या समाजाचे दुखणे कोणत्याही सरकारी योजनेने बरे होणार नाही. पण किल्ल्यावरच्या कुशल गवंड्याला अंगमेहनतीच्या मजुरापेक्षा स्पष्टपणे जास्त मजुरी मिळू लागली आणि ती गावातच मिळू लागली, तर निम्मे तरी मन वळेल असा माझा अंदाज आहे. वर उल्लेखिलेल्या मुलाला मी विचारले होते की चुन्याचा वर्ग निघाला तर येशील का. त्याने उलट विचारले, “पगार चालू ऱ्हवतलो मां?” त्याच्या घरी आईची औषधे आहेत. म्हणून शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळावे, हेही मागणीत जोडतो.

पावसाळा लागला की किल्ल्यांवरची कामे थांबतात आणि ऑक्टोबरनंतरच ती पुन्हा उभी राहतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतात. हा वर्ग येत्या हंगामात हवा असेल तर त्याचा आदेश प्रवेशाच्या जाहिरातीपूर्वी निघाला पाहिजे. एरवी वर्ष वाया जाते आणि चिरे तोवर आणखी एक पावसाळा सिमेंटखाली काढतात. आपल्या दैनिकाने हा विषय जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांपर्यंत आणि लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचवावा, ही विनंती. शिकवायला माणूस मिळत नाही अशी अडचण कोणी पुढे केलीच, तर पहिल्या तुकडीला चुना मी विनामूल्य शिकवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग