सुहासला पत्र: किनारा राहू दे, डोंगराकडे ये

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गणपतीच्या चवथीनंतर सायकल घेऊन गोव्यात येतोस हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. आई तर आत्तापासून तुझ्यासाठी काय काय रांधायचं ते ठरवतेय. पण हरमलपासून पाळोळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा तुझा बेत मला पटला नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. त्या रस्त्यांवर भाड्याच्या गाड्यांची गर्दी असते आणि जरा वेग घेतला की ब्रेक दाबावा लागतो. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल तू पुण्याच्या टेकड्यांवर फिरवतोस. ती इतक्या लांब आणून नुसती डांबरावर पळवू नकोस. तिला दिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे अशी आतल्या अंगाला घेऊन ये.

या भागात सायकल चालवता चालवता एक गोष्ट माझ्या पायांना आधी कळली, डोक्याला नंतर. चढ संपला की सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, लागतो आणि उतार संपला की पाणी. आणि त्या पाण्यापाशी बहुतेक वेळा काहीतरी फार जुनं असतं. कुठे देऊळ, कुठे लेणं, कुठे नुसताच कोरलेला कातळ. मोटारीतून फिरणाऱ्याला ही ठिकाणं सुटी सुटी दिसतात, यादीतल्या नावांसारखी. सायकलवाल्याला मात्र मधला सगळा उतार हातात ब्रेक धरून उतरावा लागतो, म्हणून माणसांनी वस्ती आणि देव इथेच का आणले हे त्याला सांगावं लागत नाही.

पहिला दिवस दिचोलीकडचा ठेव, पाय मोकळे करायला. साखळीजवळ हरवळ्याची लेणी आहेत, जांभ्या दगडात खोदलेली. पाच खोल्या, आत शिवलिंगं, आणि गावचे लोक त्यांचा संबंध पांडवांशी जोडतात. जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. तिथून दिचोलीवरून नार्व्याला जा. सप्तकोटेश्वर हे गोव्यावर पूर्वी राज्य केलेल्या कदंब राजांचं दैवत. त्याचं मूळ स्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर लिंग नदी ओलांडून अलीकडे आणलं गेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. महाराजांच्या आज्ञेचा शिलालेख दारावर आहे, तो थांबून वाच. मग सायकल फेरीबोटीत चढव आणि दिवाडीला उतर. देव ज्या वाटेने अलीकडे आला, ती वाट उलटी चालून बघायला मला फार आवडतं.

चोर्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण घाट तुला शिकवायची गरज नाही. साखळीहून केरी, मग अंजुणे धरणाच्या कडेने रस्ता चढायला लागतो. उजाडायच्या आत निघ, नंतर बेळगावची वाहतूक सुरू होते. घाटमाथ्यावर सत्तरीतलं सुर्ला गाव आहे, गोव्याच्या हद्दीत असूनही घाटावर वसलेलं. तिथल्या कड्यावरून समोरचे वझर, म्हणजे धबधबे, पाहायला मिळतात. माथ्यावरच्या सड्यावर पावसाळ्याच्या शेवटी सीतेची आसवं, गेंद, तेरडा असं सगळं एकदम फुलतं. कातळावर माती असते जेमतेम दोन बोटं, आणि तेवढ्यात ती झाडं मुळं धरतात. एक चाक पायवाटेबाहेर गेलं तर चिखलात जी खाच पडते, त्यातून पाणी दुसरीकडे वळतं आणि तो तुकडा पुढच्या वर्षी रिकामा राहतो. मी हे पाहिलंय आणि फार वाईट वाटतं. तुझ्याबरोबर आणखी कोणी येणार असेल तर त्यालाही आधीच सांगून ठेव.

आता तांबडी सुर्ला. (हे सुर्ला वेगळं बरं का, घाटाखालचं.) धारबांदोड्याहून साकोर्डे-बोळकर्ण्याच्या बाजूने जायचं. रस्ता वरखाली होत राहतो, दोन्ही बाजूंना कुळागरं, म्हणजे बागायती. नारळ, सुपारी, केळी, मिरवेल, मधून पाट वाहतोय. इथे वळणावर सांभाळ, सुपारीच्या गळलेल्या पोयी (झावळीचे रुंद देठ) रस्त्यावर पडलेल्या असतात आणि ओल्या असल्या की टायर हमखास घसरतो. पुढे जंगल दाट होत जातं, माट्टीची झाडं दिसायला लागतात, आणि शेवटी नदीकाठी ते एवढंसं महादेवाचं देऊळ.

एवढंसं म्हणालो, पण त्याच्यापुढे मी दर वेळी गप्प होतो. बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बसाल्टचं. गोव्यात बघशील तिकडे जांभा. हरवळ्याची लेणी जांभ्यात, घरांचे चिरे जांभ्याचे. हा काळा दगड घाटावरून खाली आणला असं मानतात. आदल्या दिवशी चोर्ला चढलेला असशील तर तो दगड आणणाऱ्यांचे कष्ट तुझ्या मांड्यांना कळतील. मंडपात नंदी आहे, त्याचं डोकं नाही. चार खांबांच्या मध्ये बसलाय. छताकडे मान वर करून पाहा, दगडात कमळ उमललंय. मग खाली वाक आणि एका खांबाच्या पायाशी शोध, तिथे हत्ती घोड्याला तुडवतोय, तळहाताने झाकता येईल एवढाच. कारागिराने तो अशा जागी कोरलाय की उभ्या माणसाला दिसणारच नाही. पोर्तुगीज काळात इतकी देवळं गेली, हे राहिलं. आडरानात होतं हेच त्याचं कारण सांगतात. देवळाचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळीच पोच.

दूधसागर मी मुद्दाम बेतात घेतलेला नाही. 310 मीटरचा तो धबधबा मोठाच आहे, नाही कोण म्हणतो? पण कुळ्याहून जाणारी वाट जीपगाड्यांची आणि अभयारण्यातली, रेल्वे रुळावरून चालायला मनाई आहे. आपल्या सायकलींची ती जागा नव्हे. जंगलात कुठेही वन खात्याच्या परवानगीशिवाय आतल्या वाटेला लागायचं नाही, आणि दिवस कलायच्या आधी वस्तीत यायचं. संध्याकाळी रस्त्यावर गवे येतात. गवा दिसला तर थांब, घंटी वाजवू नकोस, तो आपला जाईल.

खरं पत्र इथून पुढे आहे, सुहास. कुशावतीच्या खोऱ्यासाठी दोन दिवस राखून ठेवच. केप्याजवळ पारोड्याला चंद्रनाथाचा डोंगर आहे. वरपर्यंत रस्ता आहे पण चढ असा उभा की सगळ्यात हलका गिअर टाकूनही पुढचं चाक उचलू बघतं. वरून अर्धा सासष्टी तालुका दिसतो. तिथून उतरून जांबावलीला दामोदराचं दर्शन घे, नदीवर पाय बुडव, आणि रिवणला ये. रिवणलाही लेणी आहेत. मग नेत्रावळीकडच्या रस्त्याने निघालास की उसगाळीमळचा फाटा लागतो.

खाली नदीकाठी जांभ्याचा सपाट कातळ आहे आणि त्यावर शंभराहून अधिक चित्रं कोरलेली आहेत. बैल, हरणं, माणसं, मोर, आणि एक मोठं वर्तुळाकार चक्र, आत आत वळत जाणारं. गावच्या लोकांना ती ठाऊक होती, 1993 मध्ये ती संशोधकांपर्यंत पोचली. हजारो वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या माणसांनी कोरलेली. दुपारी बारा वाजता गेलास तर तुला काहीच दिसणार नाही, नुसता तांबडा खडक. ऊन तिरपं असताना जा. रेघ उथळ आहे, तिच्या एका काठाची सावली दुसऱ्या काठावर पडली की बैलाचं वशिंड उठून दिसतं, मग शिंगं, मग शेजारचा दुसरा बैल, आणि बघता बघता सगळा कातळ जिवंत होतो. बूट काढून चाल. मी त्या चक्राची रेघ बोटाने गिरवून बघितली आहे, बोट मध्यापर्यंत जायला बराच वेळ लागतो. ज्याने कोरलं त्याला किती लागला असेल?

याच खोऱ्यात खाणीही आहेत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि खाणी थांबल्या. तांबड्या धुळीचे रुंद रस्ते आणि पाण्याने भरलेले खड्डे तुला वाटेत दिसतील. त्या पाण्यात उतरू नकोस, काठ ढासळतात. ज्या डोंगरात अशी चित्रं सापडतात तिथे अजून काय काय होतं नि काय गेलं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. खाणीवर ज्यांचं पोट होतं त्यांचेही हाल झाले, तेही मी जवळून पाहिलंय. म्हणून म्हणतो, तू ये, गावात राहा, गावातच जेव. चार पैसे या बाजूला यायला हवेत.

नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापाशी तळं आहे. त्याच्या तळातून बुडबुडे सतत वर येत असतात, टाळी वाजवली की जास्त येतात असं लोक म्हणतात. पुढे सावरीचा धबधबा. परतताना साळावली धरण कर. तिथे पाणी गोल विहिरीसारख्या सांडव्यातून खाली कोसळतं. त्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं आणि विखुरलेले गावकरी तिथे जमतात. कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ मात्र बुडण्याआधी दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं.

म्हणून चवथीनंतर लगेच येऊ नकोस. सडे फुललेले मिळतील हे खरं, पण तेव्हा कुशावती फुगलेली असते, चित्रं पाण्याखाली नाहीतर गाळाखाली, आणि कुळागरांतल्या वाटांवर शेवाळ. तुळशीच्या लग्नानंतर ये. हवा सुकी, पहाटे थंडी, नद्यांना पाणीही असतं. सड्यांसाठी पुढच्या वर्षी वेगळा ये.

सायकलचं सांगतो. ब्रेकचे पॅड नवे टाकून आण, आणखी एक जोडी बॅगेत ठेव, आतल्या गावांत ते मिळत नाहीत. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेव. जांभ्याचे सुटे खडे गोट्यांसारखे चाकाखालून पळतात. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस. खाण्याची काळजी नको. पहाटे आपण निघू तेव्हा पोदेरही, म्हणजे पाववालाही, सायकलवर निघालेला असतो, त्याच्याकडून गरम उंडे (गोल पाव) घ्यायचे आणि पहिलं हॉटेल उघडलं की पातळ भाजीबरोबर खायचे.

गोवा एक्स्प्रेसने मडगावला उतर, सायकल लगेज डब्यात टाक. मी टेम्पो घेऊन स्टेशनवर येतो. फक्त तारखा लवकर कळव, रिवणला एका ओळखीच्या घरी दोन रात्रींची सोय होण्यासारखी आहे आणि सुपारीचं काम सुरू झालं की त्यांच्याकडे जागा नसते. वहिनींना आणि मुलांना नमस्कार सांग.

तुझा,
मंगेश