तुमचं बिल म्हणतं २०२९, लेबल म्हणतं २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : शर्यतीच्या गाडीतला जुना हार्नेस (चालकाला सीटला बांधून ठेवणारा पट्टा) ‘पाच वर्षं वैध’ म्हणून विकल्याबद्दल, आणि कात्रीबद्दल.

काल दुपारी तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोललो. ४१ मिनिटं. त्यातली १७ मिनिटं होल्डवर बासरी ऐकली. आता लेखी.

१४ ऑगस्ट २०२४ रोजी तुमच्याकडून सहा पॉइंटचा (सहा ठिकाणी गाडीला अडकणारा) हार्नेस घेतला, एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या ८८५३-२०१६ मानकाचा. ३८,५०० रुपये मोजले. बिलावर तुम्ही छापलंय, ‘वैधता : १३ ऑगस्ट २०२९’. खांद्याच्या पट्ट्यामागच्या लेबलावर बनवणाऱ्याने छापलंय, ‘नॉट व्हॅलिड आफ्टर २०२५’. दोन्हींचे फोटो चार वेळा पाठवले. चारही वेळा ‘फोटो दिसत नाहीये सर’.

एफआयएचा नियम तुम्हाला माहीत असणार, कारण त्याच्या जिवावर तुम्ही साध्या पट्ट्याच्या तिप्पट किंमत लावता. बनवलेल्या वर्षानंतरची पाच वर्षं, आणि पाचव्या वर्षाचा ३१ डिसेंबर. म्हणजे माझा पट्टा २०२० सालचा. अमेरिकेतल्या एसएफआय १६.१ या मानकवाल्यांचं गणित वेगळं, लेबलावर भोक पाडून दाखवलेल्या महिन्यापासून दोन वर्षं. पण दोघांपैकी कोणीही ग्राहकाच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाही. ते फक्त तुम्ही मोजता. पाचातली जवळजवळ चार वर्षं पट्टा तुमच्या गोदामात झोपला होता आणि त्या झोपेचं भाडं मी भरलं.

चूक माझीही आहे. बसवताना मी बिल वाचलं, लेबल नाही. छापील बिलावर विश्वास ठेवायची जुनी सवय.

जानेवारीत माझी पोलो गाडी घेऊन कोइम्बतूरला गेलो, करी मोटर स्पीडवेवर. पुण्यापासून बाराशे किलोमीटरच्या आसपास, मित्राच्या ट्रेलरवर. दोन दिवसांची हौशी लोकांची टाइम अटॅक, म्हणजे घड्याळाविरुद्धची, स्पर्धा होती. साध्या ट्रॅक डेला (स्पर्धा नसते, नुसती गाडी पळवायची) बरेचदा हेल्मेट बघून सोडतात, इथे नीट स्क्रूटिनी, म्हणजे गाडीची आणि सामानाची तपासणी, होती. स्क्रूटिनियर काकांनी रोल केज (गाडी उलटली तर छत सावरणारा पाइपांचा सांगाडा) पाहिला, बकेट सीट हलवून पाहिली, मग अंगठ्याने खांद्याचा पट्टा उलटा केला आणि शांतपणे म्हणाले, “यह तो पिछले साल का है.” संपलं. २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर दोन दिवस इतरांच्या गाड्यांची हवा तपासत फिरलो. जाण्यायेण्याचा, हॉटेलचा आणि नोंदणीचा खर्च सोबत जोडला आहे.

आता कालचं संभाषण. हे मात्र सविस्तर लिहिणार, कारण तुम्ही कॉल ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड करता म्हणे, तर ताडून बघा.

“सर, तुम्ही प्रोफेशनल आहात का?”
“नाही, हौशी.”
“मग हौशीला एक्सपायरी लागू होत नाही सर.”

मी विचारलं, भिंत समोर आल्यावर पट्ट्याला हे कसं कळणार? यावर थोडा वेळ शांतता. मग, “सर, आमच्या सिस्टीममध्ये २०२९ दाखवतंय.” मी म्हटलं, सिस्टीम गाडीत बसत नाही, मी बसतो. “सर, ते काय दूध आहे का नासायला? कापडच आहे ना?” आणि मग आवाज थोडा खाली आणून, जणू घरचा माणूस, “सर, असं करा, ते लेबल कात्रीने काढून टाका. लेबलच नसेल तर तारीख कोण विचारणार?”

लेबल नसलेला पट्टा स्क्रूटिनीत तारीख संपलेल्या पट्ट्याइतकाच बाद असतो, हे सुरक्षेचं सामान विकणाऱ्या कंपनीला मी सांगायचं? कात्रीने! अहो, मी सदाशिव पेठेत वाढलोय, दुकानदाराने अपमान करावा यात मला नवीन काही नाही. पण आमच्याकडे मालाची तारीख खरी सांगून अपमान करतात.

३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता धागा कुजत नाही, हे मलाही कळतं. खोक्यात पडून राहिलेल्या आणि दर शनिवारी उन्हात भाजलेल्या पट्ट्याला एकच तारीख, यावर आमच्या गटातही लोक कुरकुरतात. पण पॉलिएस्टर उन्हाने, घामाने, धुळीने आणि घासून घासून आतून कमजोर होतं आणि वरून नव्यासारखं दिसतं, म्हणून तर तारीख छापावी लागते. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट अपघातात दगावला, तेव्हा त्याच्या गाडीत डावा लॅप बेल्ट (कमरेवरचा पट्टा) तुटलेला सापडला होता. तो का तुटला यावर पुढे पुष्कळ वाद झाला, तो इथे नको. पण ‘कापडच आहे ना’ असं त्यानंतर कोणी म्हणू नये. नियमाशी भांडायचं तर मी भांडेन. तुम्ही कात्री देऊ नका.

शेवटी तुमच्या माणसाने नव्या हार्नेसवर १० टक्के सूट देऊ केली. विचारलं, तो कोणत्या सालचा? (बासरी इथेच.) उत्तर आलं, “सर, खोकं उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आणि उघडलं की परत घेत नाही.” अतिशय सुंदर व्यवस्था आहे. लॉटरीची तिकिटंसुद्धा तारीख दाखवून विकतात.

याच कंपनीकडून मी पहिले हातमोजे घेतले होते, पुढे हॅन्स (मान सांभाळणारं उपकरण) घेतला, ट्रॅकवर येणाऱ्या चार नव्या पोरांना तुमचं नाव सांगितलं. त्यातल्या एकाला तुम्ही रोल केज नसलेल्या गाडीसाठी चार पॉइंटचा हार्नेस चिकटवलात, हेही आता कळलं. गाडी उलटून छत खाली आलं तर तो पट्टा त्याला ताठ बसवून ठेवेल, बाजूला झुकूसुद्धा देणार नाही. त्याला मी तो काढायला लावलाय.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे मुदत असलेल्या वस्तूची मुदत विक्रेत्याने विकतानाच दाखवायची असते. तुमच्या पानावर आजही ‘पाच वर्षं’ एवढंच आहे. पंधरा दिवसांत पूर्ण ३८,५०० रुपये आणि सोबतचा खर्च मिळाला नाही, तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. मी राहतो तिथेच दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही. कूपन नको. ‘गुडविल’ म्हणून टोपी तर अजिबात नको, मागच्या वेळची तशीच पडली आहे.

हार्नेस परत पाठवणार नाही. लेबलासकट माझ्या कपाटात आहे आणि आयोगापुढे लेबलासकटच येईल.

आणि फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत ‘आमची सेवा कशी वाटली, पाच तारे द्या’ असा मेसेज आला. तो पुन्हा पाठवू नका.

तुमचा अजूनतरी ग्राहक,
पुणे

सोबत : बिल, लेबलाचे फोटो (पाचव्यांदा), स्क्रूटिनीचा कागद, खर्चाच्या पावत्या