झाडीपट्टीतले तलावही दाखवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विदर्भातल्या जंगल सफारींवर आलेलं पान मी दोनदा वाचलं. कोणत्या गेटचं बुकिंग कसं करायचं, जिप्सी कितीला पडते, कोणत्या वाघिणीला किती बछडे, सगळं व्यवस्थित दिलंय. नवेगाव-नागझिऱ्याच्या वाट्याला मात्र एवढंच आलं, की इथे वाघाची खात्री नाही, तेव्हा हाताशी वेळ कमी असेल तर सरळ ताडोबा गाठा. मी साकोलीची, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी जंगलाच्या काठच्या गावांत. ते वाक्य मनाला लागलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून मुलगा, सून, नातू आणि त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब आलं होतं. पूर्व विदर्भातल्याच एका व्याघ्र प्रकल्पात आम्ही सकाळची सफारी केली. नाव लिहीत नाही, कारण असं कुठल्याही गेटवर घडू शकतं. अंधारातच निघालो, घोंगडी पांघरून. गाइड पंचविशीतला पोरगा, काठच्या गावचा. आत शिरल्यावर थोड्याच वेळात त्याने गाडी थांबवायला लावली आणि एक झाड दाखवलं. म्हणाला, "हा ऐन. आमच्याकडे येन म्हणतात. साल बघा, मगरीच्या पाठीसारखी. याच्या खोडाला कुठे कुठे फुगवटा येते, त्यात पाणी राहते." पुढे एका मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. जुने काळे पडलेले, आणि त्यांच्या शेजारी पाच ताजे. ताज्या ओरखड्यांत आतली लालसर साल दिसत होती. नातू उभा राहून वाकून बघायला लागला, तेवढ्यात बरोबरचे गृहस्थ म्हणाले, "ते राहू दे रे, वाघाचं बघ. एवढे पैसे भरलेत."

पोरगा गप्प झाला. नंतरचे तीन तास त्याच्या तोंडून "कॉल आहे", "थांबा" आणि "चला" यांपलीकडे शब्द निघाला नाही. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारं ओरडणं, आला तशा सगळ्या गाड्या एका वळणावर धावल्या. मी मोजल्या, चौदा होत्या. धुरळा खाली बसायला पाच मिनिटं लागली. वाघ काही आला नाही. परतताना गाडीत एकच विषय, पैसे पाण्यात गेले. गेटवर उतरताना तो पोरगा माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "सॉरी बाई, आज सायटिंग नाही देऊ शकलो." त्याने माफी मागावी असं काय घडलं होतं? ते हात जोडणं मला अजून विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे उठायच्या आत मी नातवाला घेऊन नवेगावबांधला गेले. रायपूरच्या हायवेने कोहमारा, तिथून आत. तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भरावावर, पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि पलीकडचे डोंगर अर्धेच दिसत होते. नातवाने पहिला प्रश्न विचारला, "आजी, हे धरण कोणत्या सरकारने बांधलं?"

कोणत्याही सरकारने नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि पावसाचं पाणी आत धरलं. त्यात सिमेंट नाही की लोखंड नाही. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलांना पाळ बांधायला त्या बहिणींनी हातभार लावला, अशी इथली श्रद्धा. लोकांनी पुढे कोलू पाटलांचाच देव केला, कोलासुर. ज्याने पाणी दिलं त्याला देव मानणारी ही झाडीपट्टी. कोलू पाटलांच्या कोहळी समाजाने भंडारा-गोंदियात असे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, गावोगाव बांधली. पाणी सोडायला पाळीत तुडूम, जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडवा, आणि त्याच्या खाली धानाचे बांध. चौथीच्या वर्गाला मी हे सगळं मातीत काडीने रेघा मारून शिकवायची.

त्या सकाळी पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा होता. प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. त्या पक्ष्याला वारकरी म्हणतात हे सांगितल्यावर नातू हसला आणि मग हसू थांबवून नीट बघू लागला. एक होडी जवळ आली तसे ते उडाले, पण सरळ नाही उडाले. आधी पाण्यावरून पळत सुटले, पंख फडफडत, पाय पाण्यावर आपटत, थप थप थप, आणि मग कुठे अंग वर उचललं. मागे पाण्यावर ठिपक्यांच्या लांबच लांब रेघा उरल्या. नातू कुजबुजला, "आजी, परत करतील का?" वाघाच्या सफारीत नंतरचे तीन तास त्याने जांभया दिल्या होत्या, इथे दोन तास झाले तरी निघायला तयार नव्हता.

होडी ढिवराची होती. या तलावांत ढिवर मासे धरतात, शिंगाडा लावतात. त्याने नातवाला देवधान दाखवलं, तलावाच्या काठी आपोआप उगवणारा रानटी भात. मला माझा एक विद्यार्थी आठवला. १९९६ साली मी पोरांना एसटीने नागझिऱ्याला नेलं होतं. चोरखमाऱ्याच्या तलावावर बदकं बसली होती आणि मला त्यांतली दोन-तीनच ओळखता येत होती. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक ढिवराचा मुलगा पुढे आला आणि त्याने एकेक नाव सांगितलं, त्यांच्या घरात चालणारी नावं. हे पाणी पितं, ते बुडी मारतं, ते रात्री धानात उतरतं. त्या दिवसापासून वर्गात त्याचा हात वर यायला लागला.

तोच मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे. जंगलाच्या गेटपासून त्याचं घर पंधरा किलोमीटरवर, आणि त्याच्या लेकरांनी नागझिरा पाहिलेलं नाही. जिप्सीचं भाडं त्याला परवडत नाही आणि शाळेची सहल आता शहरातल्या वॉटर पार्कला जाते. संपादक महोदय, आपल्या पानावर हे कधी छापून येईल? नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, सुमारे १३४ चौरस किलोमीटर. नागझिरा अभयारण्य त्याच्याही आधीचं, १९७० चं. २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आमच्या तीन पिढ्यांच्या डोळ्यांदेखत हे जंगल राखलं गेलं, आणि त्याच्या कुशीतल्या गावांची लेकरं गेटच्या बाहेर उभी आहेत. आठवड्यातून एक दिवस, एक बस, जिल्हा परिषदेच्या मुलांसाठी नाममात्र शुल्कात. बरोबर काठच्या गावचा एक गाइड, आणि त्याला सांगितलेलं असावं की आज वाघ शोधायचा नाही, आज तुला जे येतं ते सगळं सांगायचं. एवढंच माझं मागणं आहे. आपल्या वर्तमानपत्राने ते लावून धरलं तर वनखात्याच्या कानावर जाईल, माझ्या अर्जाने जात नाही.

वाघावर माझा राग नाही, उलट अभिमान आहे. ज्या जय नावाच्या वाघासाठी सगळा महाराष्ट्र हळहळला तो नागझिऱ्यात जन्मला आणि स्वतःच्या पायांनी चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. मधली शेतं, झुडपी जंगलं, नाले त्याच्या वाटेत होते. नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधून तर हायवेच जातो. वाघाला ही मधली जमीन लागते आणि या मधल्या जमिनीत आमचे तलाव आहेत. ते गाळाने भरत चाललेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी रीत हळूहळू मोडली. कित्येक तलावांत बेशरम नावाचं झुडूप माजलंय. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात काही गावांतल्या बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो मुळासकट उपटला आणि त्या जागी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासे परत आले. त्या बायकांचा एक फोटो आपल्या पुरवणीत शोभला असता.

लिहायला इथे कितीतरी आहे. गोंदियाच्या धानाच्या बांधांत सारस अजून घरटं करतो आणि कितीतरी शेतकरी ते घरटं सांभाळतात. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत, माघ पौर्णिमेला तिथे गोंडी माणसांचा सागर लोटतो. जवळच दरेकशाला हाजरा फॉल. गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि हिवाळ्यात आमच्या तलावांवर कधी कधी जे पट्टकादंब हंस उतरतात तेही हिमालय ओलांडून त्याच बाजूने आलेले. पण या सगळ्याला एकाच पानात कोंबू नका. एका वेळी एकच घ्या आणि सावकाश लिहा.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी आपला वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला सफारीचं बुकिंग करून देऊ नका. गोंदिया-बल्लारशाच्या गाडीने देवलगावला उतरवा, तिथून नवेगावबांध जवळच आहे. फेब्रुवारी संपायच्या आत यावं, मग पाहुणे पक्षी परतीला लागतात. पहाटे साडेपाचला पाळीवर मी स्वतः येईन. त्या गाइड पोरालाही बोलावून ठेवते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
साकोली, जि. भंडारा