फोनमधली जागा रिकामी करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल भरला की ‘फोटो ऑनलाइन चढव आणि फोनमधून काढून टाक’ हा सल्ला दुकानदारापासून घरातल्या नातवंडांपर्यंत सगळेच देतात. गूगल फोटोजमध्ये तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ नावाची सोयच आहे. ती वापरली की फोनमधली मूळ फाइल जाते आणि कंपनीच्या सर्व्हरवरची प्रत ही त्या फोटोची एकमेव प्रत उरते. फोटो पडद्यावर पूर्वीसारखाच दिसत राहतो, त्यामुळे घरातली प्रत घराबाहेर गेली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आयुष्यभराचे फोटो असे एका खात्यावर टांगून ठेवणे धोक्याचे आहे. ते का, आणि त्यावर काय करता येते, हे थोडे सविस्तर लिहितो.

या सेवा फोन आणि सर्व्हर यांचा मेळ राखतात. आपण ज्याला बॅकअप म्हणतो ते हे नव्हे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला की तो फोनवरून आणि ऑनलाइन, दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा संपतो. ॲपलची अशीच सेवा, आयक्लाउड फोटोज, चालू असेल तर आयफोनवर पुसलेला फोटो आयपॅड आणि मॅकवरूनही जातो, तिथे परत आणायला साधारण ३० दिवस मिळतात. लहान मुलाच्या हातून शंभर फोटो पुसले गेले आणि ते दिवाळीला अल्बम पाहताना लक्षात आले, तर मुदत केव्हाच टळलेली असते.

कंपन्या सेवा बंद करतात किंवा अटी बदलतात, हेही नवे नाही. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, २०१६ मध्ये गूगलचे फोटो ठेवण्याचे पिकासा गेले. फ्लिकर या फोटो ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली. आता १५ जीबीत फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह तिन्ही बसवायचे असतात. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर हे जेमतेम पावणेचार हजार फोटो झाले. जागा संपली की जीमेलवर नवी पत्रे येणेही थांबते. मर्यादा ओलांडलेले खाते दोन वर्षे तसेच राहिले, किंवा खाते दोन वर्षे वापरलेच नाही, तर मजकूर पुसण्याचा हक्क गूगलने स्वतःकडे ठेवला आहे. इशारे येतात, पण ते ज्या ईमेलवर येतात तो अनेक वडीलधाऱ्यांनी फोन विकत घेतला त्या दिवसानंतर उघडलेलाच नसतो. काही वेळा इशाराही मिळत नाही. ऑर्कुटसारख्याच मायस्पेसने सर्व्हर बदलताना २०१६ पूर्वीचे लोकांचे फोटो, व्हिडिओ आणि गाणी गमावली आणि २०१९ मध्ये तसे जाहीर केले. कॅनन ही कॅमेरे बनवणारी कंपनी, पण तिच्या ऑनलाइन साठवणीतूनही २०२० मध्ये ग्राहकांचे काही फोटो नाहीसे झाले.

माझ्या मते मात्र सर्वांत मोठा धोका खात्याला कुलूप लागण्याचा आहे. रिचार्ज न केल्याने मोबाइल नंबर बंद पडला, तर किमान ९० दिवसांनंतर तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. खाते त्याच नंबरवरच्या ओटीपीवर चालत असेल तर फोन हरवलेल्या माणसाला आत शिरायला वाट उरत नाही. त्यासाठी गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन बॅकअप कोड काढावेत. आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात. ते कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावेत, फोनमध्ये नव्हे. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी डॉक्टरांसाठी आजारी मुलाचा फोटो काढला. तो आपोआप ऑनलाइन चढला, यंत्राने त्याला बाललैंगिक अत्याचाराचे चित्र ठरवले आणि खाते बंद झाले. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही. हे प्रकरण २०२२ मध्ये वृत्तपत्रांत आले. बाळाच्या आंघोळीचे फोटो आपल्याकडे कोणत्या घरात नाहीत?

म्हणून सारे फोटो एकदा आपल्या हातात उतरवून घ्यावेत. संगणकावर टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम ही गूगलमधले आपले सारे उतरवून घेण्याची जागा उघडावी, आधी सगळ्या खुणा काढून फक्त गूगल फोटोज निवडावे. प्रकार झिप (अनेक फाइलींचे एकच गाठोडे) ठेवावा आणि भागाचा आकार १० जीबी. ५० जीबीचा भाग मध्येच तुटला तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. तयारीला काही तास, कधी काही दिवस लागतात. मग ईमेलवर दुवा येतो आणि तो साधारण आठवडाभरच चालतो. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर २०० जीबी उतरवायला, वेग टिकला तरी, नऊ तास लागतात हे धरून बसावे. फाइल डिस्कवर जात नसेल तर डिस्कची फॉरमॅट, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, पाहावी. पेन ड्राइव्ह पुष्कळदा एफएटी३२ मध्ये येतात आणि त्यात ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही. एक्सफॅट केले की विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते. फॉरमॅट बदलताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा हे रिकाम्या डिस्कवरच करावे.

सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये उलगडावेत. फोटोंशेजारी जेसन नावाच्या छोट्या फाइली दिसतील. त्या कचरा समजून पुसू नयेत. कॅमेऱ्याने टिपलेली तारीख फोटोच्या आत शाबूत असते, पण आजोबांच्या जुन्या फोटोचे स्कॅन चढवून आपण हाताने घातलेले साल फक्त जेसनमध्ये येते. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम ते परत फोटोत भरतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंतून तारीख गळालेली असते आणि फाइलच्या नावातला आकडाच काय तो पुरावा असतो, म्हणून ती नावे बदलू नयेत. अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येत असल्याने एकूण आकार फुगलेला दिसतो. दुसऱ्याने शेअर केलेल्या अल्बममधले फोटो आपण आपल्या खात्यात ‘सेव्ह’ केले नसतील तर ते यात येत नाहीत. त्यामुळे लग्न-मुंजीचे असे अल्बम आधी सेव्ह करून घ्यावेत.

आयफोनवाल्यांची गफलत वेगळी असते. ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये पुष्कळ फोटोंच्या फक्त छोट्या प्रती असतात आणि केबल लावून मूळ फोटो मिळत नाहीत. फोनमध्ये जागा असेल तर आधी ‘डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स’ निवडावे, नसेल तर प्रायव्हसी डॉट ॲपल डॉट कॉमवरून प्रत मागवावी.

उतरवलेले सारे दोन हार्ड डिस्कवर ठेवावे. उतरवून झाल्यावर फाइलींची संख्या जुळवावी. प्रत्येक वर्षातले चार फोटो आणि एखादा लांबलचक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहावा. हे होईपर्यंत ऑनलाइन काहीही पुसू नये. कपाटात पडून राहणारी प्रत साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर असावी. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, वीज न मिळता दीर्घकाळ राहिली तर मजकूर गमावू शकते. कोकणात आणि घाटमाथ्यावर डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि वर्षातून दोनदा चालवावी. दुसरी डिस्क मात्र दुसऱ्या गावी, नातलगाकडे. २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचे आणि २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा एकाच कपाटातल्या दोन प्रती एकदमच भिजल्या असत्या. याच कारणासाठी ऑनलाइन प्रतही चालू राहू द्यावी, तिसरी म्हणून.

माणूस गेल्यावर खात्याचे काय, हेही आधीच ठरवता येते. गूगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत घालून दहा जणांपर्यंत नावे देता येतात. ॲपलमध्ये यासाठी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नावाची सोय आहे.

आणखी एक विनंती लग्नसराईच्या तोंडावर करावीशी वाटते. आता अनेक स्टुडिओ फोटो आणि चित्रफीत पेन ड्राइव्हवर न देता नुसता ऑनलाइन दुवा पाठवतात. तो स्टुडिओच्या खात्यावर असतो, आणि त्यांनी जागा रिकामी केली किंवा पैसे भरणे थांबवले की तो उघडत नाही. ठरवतानाच मूळ आकाराचे सर्व फोटो आणि व्हिडिओ डिस्कवर मिळतील, दुवा किमान किती महिने चालेल आणि स्टुडिओ स्वतःची प्रत किती काळ राखेल, या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. रिकामी डिस्क आपण नेऊन दिली तर बहुतेक स्टुडिओ नाही म्हणत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली