नोकरी बदलली तरी नोंदणी जपावी. दुकानाला 'लावू' नये

महोदय,

मी राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी असलेला फार्मासिस्ट आहे. मात्र गेली सहा वर्षे औषध दुकानाच्या काउंटरमागे उभा राहिलेलो नाही. त्याआधी नऊ वर्षे तेच काम केले आणि आता पुण्यातील एका कंपनीत औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासतो. या कामासाठी माझ्याकडे कोणी नोंदणी मागत नाही, तरीही मी नूतनीकरण एकदाही चुकवलेले नाही. हे कळल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. आता तिचा उपयोग काय, हा पहिला. आणि कुठल्या दुकानाला 'लावली' आहे, म्हणजे स्वतः तिथे न बसता परवान्यासाठी नुसते नाव कोणाला पैसे घेऊन दिले आहे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 34 नुसार नूतनीकरणाचे शुल्क मुदतीत न भरल्यास नोंदवहीतून नाव काढले जाते. ते पुन्हा घालता येते, पण तोवर औषध देण्याचा अधिकार राहत नाही, आणि खासगी नोकरी चाळिशीत गेली तर परतीची वाट याच नोंदणीतून जाते. अर्थात, पावती ताजी असली म्हणजे ज्ञानही ताजे असते असे नाही. मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-1' या, काही प्रतिजैविके, क्षयरोगाची आणि सवय लावणारी औषधे असलेल्या यादीतील औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने 156 मिश्र औषधांवर (एकाच गोळीत वा द्रावणात एकाहून अधिक औषधे एकत्र केलेल्या) बंदी घातली. दहा-बारा वर्षांपूर्वी काउंटर सोडून गेलेला माणूस केवळ शुल्क भरत राहिला, तर परतल्यावर त्याच्या हातून काय दिले जाईल, याची मला काळजी वाटते. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पाच वर्षांत किमान दोन एकदिवसीय उजळणी वर्गांची अट आहे. रोज काउंटरवर असणाऱ्याला ते पुरतीलही, पण क्षेत्र बदललेल्याला दोन दिवस फारच तोकडे आहेत.

दुसरा प्रश्न मात्र अस्वस्थ करणारा आहे, कारण तो विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असे औषध नियमावलीतील नियम 65 सांगतो. मी दुकान सोडताना मालक म्हणाले, "नाव राहू द्या, महिन्याचे पैसे घरपोच मिळतील." मी नकार दिला आणि राजीनाम्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. जबाबदार फार्मासिस्ट बदलल्यास महिनाभरात कळवणे ही दुकानाच्या परवान्यातील अटच आहे. पण ती परवानाधारकावर आहे, आणि ज्याला नाव ठेवायचेच आहे तो कशाला कळवेल? दुकान सोडणाऱ्या प्रत्येकाने ही पोच स्वतः घ्यावी, कारण त्या दुकानात चुकीचे औषध दिले गेले तर पहिली विचारणा परवान्यावर नाव असलेल्याकडेच होईल.

2012 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह धरला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले होते, हे अनेक वाचकांना आठवत असेल. आता संगणकीय नोंदींमुळे एकच नाव दोन दुकानांना लावणे अवघड झाले आहे. परंतु दहा ते सहा दुसऱ्याच कार्यालयात बसणाऱ्याचे नाव एका दुकानावर झळकत असेल, तर त्या नोंदींत सारे काही नियमानुसारच दिसते. नूतनीकरणाच्या वेळी सध्याच्या नोकरीचे प्रतिज्ञापत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक घेऊन ही माहिती दुकानांच्या परवान्यांशी ताडून पाहिली, तर असे बरेच प्रकार कार्यालयात बसूनच उघड होतील.

त्याबरोबरच, माझ्यासारख्यांची नोंदणी कायम ठेवून तिच्यावर 'सध्या औषध वितरणात नाही' असा शेरा मारावा आणि काउंटरवर परतण्यापूर्वी उजळणी वर्ग सक्तीचा करावा, अशी माझी राज्य फार्मसी कौन्सिलला विनंती आहे. हा शेरा माझ्या नोंदणीवर मारून घेण्यास माझी काहीच हरकत नाही.

— एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, पुणे