बेपत्ता माणसाच्या पत्रकाबद्दल

शहापूर, बेळगाव

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून निवांत लिहितो. तू आता कोल्हापुरात पेपरच्या डेस्कवर बसतोस, तेव्हा ऐकच.

आमच्याकडे बेपत्ता माणसाचं पत्रक टाइप करायला लोक येतात ते पोलिसांतल्या तक्रारीची कानडी प्रत घेऊन. मजकूर ठरलेला: गोल चेहरा, गहू वर्ण, सडपातळ बांधा, कानडी व मराठी बोलतात. यात अर्धं बेळगाव बसतं! परवा खानापूरकडच्या एक मावशी आल्या, नवरा बेपत्ता. फोटो पुतण्याच्या लग्नातला, फेट्यानं कपाळ झाकलेलं. विचारलं, चालण्याबोलण्यात काही खूण? तर म्हणाल्या, "डावा पाय ओढतात की. आणि नाव विचारलं तर थोरल्या भावाचं सांगतात." तक्रारीत यातलं काहीच नव्हतं. मी तेच मोठ्या टायपात वर घातलं. एका पेपरात मात्र आलं, 'कौटुंबिक कारणातून घर सोडल्याचा संशय'. कसलं कारण? माणसाला विस्मरणाचा आजार आहे रे.

मुलींचं तर विचारूच नकोस. बेपत्ता मुलांच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा, अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करायचा, असं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये सांगितलं. म्हणजे 17 वर्षांची असेल तर अपहरण, आणि 18 पूर्ण झाली की 'घरात कोणाला न सांगता निघून गेली'. वाचणारा म्हणतो, गेली असेल कुणाचा हात धरून, आणि पान उलटतो. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीनं जाऊ शकतो, मान्य. पण मर्जीनं गेली हे पाहिलं कुणी? शेवटची कुठं, किती वाजता दिसली, एवढंच छापा ना.

सीमेचं दुखणं आणखी वेगळं. इथून सुटलेला माणूस चंदगडला नाहीतर चोर्ला घाटातून गोव्याला पोचायला कितीसा वेळ? कानडी पत्रक शिनोळीच्या पुढं, महाराष्ट्रात, कोण वाचणार? म्हणून मी पाठीमागं मराठी मजकूर छापतो, पैसे एकाच बाजूचे घेतो. (बायको यावर बोलते, ते सोड.)

मावशींचं पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलंय. चंदगडच्या पानावर लाव, पाय आणि भावाचं नाव कापू नकोस. आणि सापडले की तेही छाप. सापडल्याचं कुणी छापत नाही, मग घरी परतलेल्या माणसांची पत्रकं ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरत राहतात.

तुझा,
विन्या