अडवणाऱ्याचंही नाव छापा

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, बातमी आली की मी आधी बचावफळीतल्या एकाचं तरी नाव आहे का, ते शोधतो. याही वेळी नव्हतं. मध्यंतरातल्या गाण्याला अर्धा रकाना, क्वार्टरबॅकचा फोटो तीन कॉलमी. चेंडू फेकणारा हा क्वार्टरबॅक तेवढा खेळतो आणि बाकीचे नुसती गर्दी करतात, असंच कुणालाही वाटेल.

मी तीस वर्षं शाळेत कबड्डी आणि खो-खो शिकवलं. २००९ साली मुलीकडे विस्कॉन्सिनला गेलो, तेव्हा या खेळाशी गाठ पडली. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी जावयांनी टीव्ही लावला. ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध डेट्रॉइट लायन्स. नियम ओ की ठो कळत नव्हते, म्हणून सवयीने कडेच्या गड्याकडे बघत बसलो. पॅकर्सचा २१ नंबर, चार्ल्स वूडसन. दर वेळी निराळ्याच जागी! कधी लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनसारख्या ताडमाड गड्याला चिकटून, कधी आतल्या बाजूला, कधी थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर. त्या दिवशी त्याने दोन पास मधल्यामध्ये पकडले, त्यातला एक घेऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. पॅकर्स ३४-१२ जिंकले. मी मात्र त्याच्या पावलांकडे बघत होतो. चेंडू हातातून सुटायच्या आत ती वळलेली असायची. आमच्याकडचा चांगला कोपरारक्षक असाच, चढाईपटूच्या हातांना भुलत नाही. पुढे कळलं, की वूडसनचे हे पाय जन्मतः वाकडे होते, लहानपणी आधार लावून सरळ करावे लागले होते.

मिशिगन विद्यापीठात असताना त्याला १९९७ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. मुख्यतः बचावात खेळणाऱ्याला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. दुसरा आला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. गंमत म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये याच मॅनिंगचा एकही पास वूडसनला १७ मोसम पकडता आला नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये, ३९वा वाढदिवस होऊन चार दिवस झाले असताना, एकाच सामन्यात दोन पकडले. (सामना मात्र मॅनिंगच्याच संघाने जिंकला.) तोवर वूडसन कॉर्नरबॅकचा, म्हणजे कडेच्या बचावपटूचा, सेफ्टी झाला होता, म्हणजे मागे उभं राहून सगळं मैदान राखायचं. ओकलंड आणि ग्रीन बे या दोन संघांत मिळून १८ मोसम, ६५ इंटरसेप्शन (मधल्यामध्ये पकडलेले पास), २० सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडणं) आणि बचावातून १३ टचडाउन.

फेब्रुवारी २०११ची सुपर बोल मी भल्या पहाटे उठून इथूनच पाहिली. मध्यंतराच्या जरा आधी लांबचा पास अडवायला वूडसनने सूर मारला आणि कॉलरबोन मोडून घेतलं. मध्यंतरात सहकाऱ्यांशी बोलायला उभा राहिला, तर कंठ दाटून शब्द फुटेना. उरलेला सामना त्याने हात झोळीत अडकवून बाहेरून पाहिला. पॅकर्स ३१-२५ जिंकले. त्या बातमीचं आपलं कात्रण माझ्याकडे आहे. त्यात क्वार्टरबॅक आहे, वूडसन नाही.

२०२१ला वूडसन आणि मॅनिंग एकाच तुकडीत हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. पुढच्या फेब्रुवारीत क्वार्टरबॅकचा फोटो दोन कॉलमी केलात तरी चालेल, उरलेल्या जागेत पास कुणी अडवले ते छापा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, विटा